बाद

चौतीस वर्षं मी नोटा तपासल्या,
नाशिकरोडच्या छापखान्यात.
शाई ठिपकाभर सरकली,
आकडा केसभर झुकला,
की खूण. बाद.
हीनं तिच्यासारखंच दिसायचं, नाहीतर ती नोट नाही,
नुसता महागडा कागद.

घरी आले की चपला काढून
उभी राहायचे जरा वेळ, थंड फरशीवर.
सिडकोतलं घर, दोन खोल्या,
मोझॅक, दहा बाय दहा इंच,
पांढऱ्या सिमेंटात संगमरवराची खडी,
काळी, शेवाळी, विटकरी,
मधेच एखादा खडा दाताच्या रंगाचा.
एका रविवारी मोजल्या. सवय.
चारशे बारा.
एकही दुसरीसारखी नाही.
सगळ्या बाद,
आणि सगळ्या चलनात.

सुयोग फोनवर म्हणाला, आई, वरून व्हिट्रिफाइड टाकू.
मोरबीचा माल, आरसा नुसता,
जोडसुद्धा दिसत नाही.
म्हटलं, आरसा आहे घरात, बेसिनवर.
त्या गुळगुळीतावर घसरले तर उचलायला
तू पुण्याहून येणार आहेस का?

मग चौक मंडईहून इद्रिस मिस्त्री आले,
रिक्षात पॉलिशचं मशीन घालून.
तीन दिवस घरभर राखाडी ताक,
पायरीपासून देवघरापर्यंत.
चहाला थांबले की बोलायचे:
आमचे अब्बा सातपूरला प्रेसवर होते.
फरशी उलटी ओततात, बाई. तोंड खाली, पाठ वर.
खडी मुठीनं टाकायची, मांडायची नाही.
दाब पडला की खडा आपली जागा आपण धरतो.
मग हौदात, पाण्यात, पडू द्यायची.
वर आल्यावर कळणार काय निघालंय ते.

मी त्यांना वाचनालयातल्या पुस्तकातलं सांगितलं:
आधी नदीतले गोटे होते, काळे-पांढरे,
मग रोमनांनी दगड फोडून बोटाच्या पेराएवढे चौकोन केले,
मग काचेत सोनं कोंडून देवांमागचं आकाश.
आणि कुठल्याशा श्रीमंताच्या जेवणघरात
न झाडलेली जमीनच जडवलेली:
माशाचे काटे, अक्रोडाची टरफलं,
द्राक्षांचे देठ, आणि एक उंदीर, खाणारा.
मिस्त्री हसले. म्हणाले, मग बायकोनं काय म्हटलं असेल?

कपाट सरकवलं तर खाली
चौकट उरली होती, पाय न पडलेली,
रंग तेव्हाचा, मला आठवत नव्हता असा.
आणि मोरीपाशी ते भगदाड,
नळ बदलताना फुटलेलं, वर सिमेंटचा थापा.
तशी फरशी द्वारकेच्या भंगारातही मिळाली नाही.

घरात काही फुटकं आहे?
मी चिडलेच.
फुटकं वेगळं काढण्याचाच पगार घेतला मी,
ते घरात कशाला ठेवीन?

पण माळ्यावर होती चिनी मातीची बरणी,
लोणच्याची, चीर गेलेली,
टाकायची म्हणून अकरा वर्षं ठेवलेली.
मिस्त्रींनी हातोडी माझ्याच हातात दिली.
धड असलेलं काही
मुद्दाम बाद करायची माझी पहिलीच वेळ.
दोन घाव वाया गेले. तिसऱ्याला
मोहरीचा जुना वास आला, खरंच आला.

तुकडे लावायला बसले तर हात ओळीत लावू लागला,
कडेला कड, आकड्याशेजारी आकडा.
इतकं सरळ नको, बाई, म्हणाले,
त्यांना थोडं भांडू द्या.
एक तपकिरी तुकडा तरी मी
मापानंच बसवला. तो तेवढा वेगळा दिसतो.

परवा मेण चढलं, मशीन गेलं.
आज लंकाबाई झाडत मोरीपाशी आली,
थांबली, केरसुणी दोनदा फिरवली,
मग वाकून नखानं खरवडू लागली.
ताई, हे काय सांडलंय? निघत नाही.

राहू दे, म्हटलं.